मागचं बटण

रे रोडच्या कार्यक्रमात स्टॅनलीची गिटार पडली आणि त्याचं खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं यावर सम्यक गायन पार्टीत बरीच भवति न भवति झाली. ढोलकीवाला धम्मपाल म्हणाला, स्टेजच वाकडं होतं. कोरसमधल्या बायका म्हणाल्या, मंडपवाल्यानं वायरी पायात सोडल्या होत्या. पार्टीचे प्रमुख शामराव, वय पंचाहत्तरीच्या पुढं आणि आवाज अजून खणखणीत, त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कारण एकच. त्या दिवशी राधाताई नव्हती."

आणि ते खरं होतं.

राधाताई नसण्याचा आणि गिटार पडण्याचा संबंध बाहेरच्या माणसाला कळायचा नाही, म्हणून तो सांगावा लागतो. पार्टीचा रिवाज असा की स्टेजवर वाद्यं लावून झाली की सगळ्यांनी उभं राहायचं, हात जोडायचे, त्रिसरण-पंचशील म्हणायचं आणि मगच पहिलं गाणं. ढोलकी सतरंजीवर असते, हार्मोनियम टेबलावर. गिटार मात्र गळ्यात. स्टॅनली ख्रिश्चन, परळला चर्चच्या मागं राहणारा. पहिल्याच कार्यक्रमाला शामराव त्याला म्हणाले होते, "मास्टर, तुम्ही नुसते उभे राहा, चालेल." त्यावर तो म्हणाला, "सगळे हात जोडणार आणि मी काय खांबासारखा उभा राहू? बरं दिसत नाही ते."

त्यानं दोन्ही हात जोडले. गिटारचं सगळं वजन पट्ट्यावर आलं. पट्टा त्याच्या वडलांच्या वेळचा, चामड्याचा, टोकाची भोकं ओघळलेल्या कानासारखी सैल झालेली. पट्टा अडकवायला गिटारला दोन बटणं असतात, एक पुढं मानेजवळ, एक मागच्या टोकाला; त्यातल्या मागच्यावरून तो सटकला. उजव्या हाताला राधा उभी होती, पार्टीत नवीनच आलेली. तिनं जोडलेल्या हातांतला डावा हात सोडला आणि गिटार त्याच्या कमरेजवळ झेलली. पट्टा बटणावर चढवला, वरून अंगठा दाबून धरला आणि उरलेलं पंचशील एकाच हातानं पुरं केलं. कार्यक्रम संपल्यावर ती घाबरत घाबरत शामरावांकडं गेली. वंदनेत एक हात खाली गेला, चुकलं का? शामराव म्हणाले, "पोरी, पडणारं सावरलंस. तथागत समजून घेतील."

तेव्हापासून तेच चालू राहिलं. नायगाव असो, लालबाग असो की माटुंग्याचा लेबर कॅम्प, वंदना सुरू झाली की राधाचा उजवा हात छातीशी आणि डावा हात स्टॅनलीच्या गिटारच्या मागच्या बटणावर. तेव्हा तिशीही न गाठलेली राधा आता पन्नाशी ओलांडून गेली. पार्टीत माणसं आली, गेली, ढोलकीवाले बदलले, अंगठा तिथंच राहिला. लोकांच्या नजरेला ते इतकं सवयीचं झालं की कुणाच्या डोळ्यांवर येईना.

अंगठ्याखाली बटण, पण बाकीची चार बोटं जायची कुठं? ती त्याच्या शर्टाला लागत. शर्टाखाली माणसाच्या अंगाची ऊब असे. वंदना संपली की हात काढून घ्यायचा, पदर सारखा करायचा आणि माइक हातात धरायचा. नवरा गेल्यावर राधाच्या वाट्याला पुरुषाचा स्पर्श म्हणून एवढाच आला होता, आणि खोटं कशाला बोला, एक कार्यक्रम संपला की ती पुढच्याची वाट बघायची. एप्रिल जवळ आला की सगळ्यांना जयंतीचे वेध लागत. राधालाही लागत, पण तिच्या वेधात आणखी एक वेध मिसळलेला असे आणि तो ती कुणाला सांगू शकत नव्हती.

सांगणार तरी कसं? नवरा गेला तेव्हा मुलगा बालवाडीत होता. सासू तिला स्टेजवर पाठवायला तयार नव्हती. शामराव चाळीतलेच. ते म्हणाले, "आवाज आहे पोरीला, समाजाच्या कामी येऊ द्या. तिच्या नावाला बट्टा लागणार नाही हा माझा शब्द." त्या शब्दावर सासूनं होकार दिला. शब्द शामरावांनी दिला आणि पाळत बसली राधा. आता सासू नाही, मुलगा लग्न करून बदलापूरला गेला, चाळीतली निम्मी माणसं टॉवरात पांगली. बट्टा लागलाच तर बघायला कोण बसलंय? पण इतकी वर्षं बंद ठेवलेल्या दाराची कडी अशी गंजून जाते की ती आतून काढायलाही हात धजत नाही.

स्टॅनलीचंही काही वेगळं नव्हतं. गोदीजवळ एका क्लिअरिंग एजंटकडं नोकरी, घरी थोरली बहीण जसिंता, रविवारी चर्चमध्ये गिटार. तिथं खुर्चीवर बसून वाजवायचं असल्यामुळं पट्ट्याचा प्रश्नच येत नसे. लग्न केलं नाही. का नाही केलं, हे पार्टीतल्या बायकांनी सुरुवातीला विचारून पाहिलं, मग दमल्या. एक गोष्ट मात्र कुणाच्याच लक्षात आली नव्हती. सगळी पार्टी तिला ताई म्हणायची. शामरावांहून दोन वर्षांनी लहान असलेला हार्मोनियमवालाही ताई म्हणायचा. स्टॅनली तेवढा काहीच म्हणत नसे. हाक मारायची वेळ आली तर समोर येऊन उभा राही आणि म्हणे, "ते सूर जरा चेक करायचे होते." तिनंही त्याला कधी भाऊ म्हटलं नाही. वादकाला मास्टर म्हणायची रीत आहे, त्या रीतीचा तिनं पुरेपूर फायदा घेतला.

तर रे रोडच्या कार्यक्रमाला राधाला ताप होता. वंदना सुरू झाली. स्टॅनलीनं नेहमीसारखे हात जोडले, डोळे मिटले. ती शेजारी नाही हे त्याला ठाऊक होतं. प्रवासात दोनदा तिच्या तापाची चौकशी करून झाली होती. तरी हात जोडले गेले. गिटार सरळ फळ्यांवर आपटली. मानेच्या मुळाशी तडा गेला. तो त्यानं सरस लावून, पकडी कसून बुजवला, पण लाल रंगावर पांढरी रेघ राहिली ती राहिलीच. त्याच्या वडलांनी लग्नांच्या बँडमध्ये वाजवलेली गिटार ती. परत पडली तर मान तुटेल, असं त्यानंच कबूल केलं.

बरी होऊन राधा विहारात तालमीला आली आणि तिनं ती रेघ पाहिली. आपल्याच अंगाला लागल्यासारखी ती त्या रेघेवरून बोट फिरवत राहिली.

"आता लॉक बसवायचं," शामरावांनी निकाल दिला. "दादरला मिळतं. पट्टा सुटतच नाही म्हणे. जयंतीच्या आत झालं पाहिजे."

"बघतो मी," स्टॅनली म्हणाला.

"तू नाही बघणार! याआधी दोनदा पाठवला तुला. एकदा म्हणे दुकान बंद, एकदा म्हणे माल संपला. राधाताई, तू जा बरोबर. हा एकटा गेला तर हात हलवत परत येईल."

सगळे हसले. राधाही हसली. घरी आल्यावर मात्र तिला भात गिळेना. म्हणजे आपल्याच अंगठ्याची सुट्टी करायला आपणच जायचं! पण लगेच तिला ती पांढरी रेघ आठवली आणि स्वतःचीच लाज वाटली. आपल्याला चार बोटांची ऊब हवी म्हणून त्या माणसाची गिटार मोडू द्यायची? ताप काय सांगून येतो? उद्या गुडघे धरतील, घसा बसेल, बदलापूरला नातवाकडं राहावं लागेल. तिनं ठरवलं, सगळ्यांत पक्कं लॉक घ्यायचं. ठरवलं आणि उशीत तोंड खुपसून रडली.

शनिवारी दुपारी दोघं दादरला भेटली. ती पालिकेच्या दवाखान्यातून केसपेपरची खिडकी बंद करून तशीच आली होती, तो घरून गिटार पाठीला लावून आला होता. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. तिनं ते पाहिलं आणि पाहिलं नाहीसं केलं. फुलबाजारातून, शेवंतीच्या ढिगाऱ्यांना वळसे घालत दोघं चालली. गर्दीत तो एक पाऊल पुढं राहून वाट करून देत होता. दोघांनी असं नुसतं कुठं जाण्याची ही पहिलीच वेळ, आणि निमित्त बघा काय मिळालं!

दुकान एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर होतं. हितेंद्र हा दुकानाचा मालक, चाळिशीचा, बोलघेवडा. आधी त्याचे वडील बसायचे. स्टॅनलीला पाहून तो उठलाच. "या मास्टर! बरेच दिवसांनी. आणि ताई पण? बसा, बसा."

काय हवंय ते राधानंच सांगितलं. स्टॅनली भिंतीवरच्या सतारी मोजल्यासारखा वर बघत उभा होता.

हितेंद्रनं आधी दोन रबरी चकत्या काढल्या. पट्टा बटणावर चढवायचा, वरून ही चकती ताणून बसवायची.

"हे तर नळाचं वायसर," राधा म्हणाली.

"तसंच समजा ताई. पण काम करतं."

"आमच्या नळाचं वायसर दर दोन महिन्यांनी जातं. दुसरं दाखवा."

दुसरं प्लॅस्टिकचं होतं, फिरवून घट्ट करायचं. राधानं ते फिरवून पाहिलं, ओढून पाहिलं. स्टॅनली पहिल्यांदाच बोलला. "हे बरोबर नाही. प्लॅस्टिक शोभत नाही गिटारला."

मग हितेंद्रनं लोखंडी पेटीतून स्टीलचं काढलं. यात गिटारवरचं बटणच बदलायचं होतं. नवं बटण, आणि पट्ट्याला स्टीलची टोपी. टोपी बटणात गेली की कट्‌ असा आवाज, मग वरची कळ दाबल्याशिवाय सुटायची नाही. दुकानातल्या एका काळ्या गिटारला ते लावलेलं होतं. हितेंद्रनं पट्टा धरून ती गिटार उचलली आणि मुलाला झोका द्यावा तशी हलवली. "बघा! दोन्ही हात सोडा, नाचा, काय पण करा. आता कोणी हात लावायची गरजच नाही, ताई."

राधाला ते वाक्य लागलं. बिचाऱ्या हितेंद्रला काय ठाऊक. तिनं ती टोपी तळहातावर घेतली. गार होती, जड होती, आणि तिच्यात खोट काढायला जागा नव्हती. आपल्या अंगठ्यापेक्षा कितीतरी पक्की. ती म्हणाली, "हेच द्या."

"वजन वाढेल," स्टॅनली म्हणाला.

"टोपीएवढं वजन!"

"आवाज करतं ते. माइकमध्ये येईल."

"मास्टर, गाण्यात नाही लावायचं ते, आधी लावून मग स्टेजवर चढायचं आहे."

"जुन्या लाकडाला नवीन स्क्रू झेपत नाही कधी कधी."

आता राधाचा पारा चढला. गेले आठ दिवस मनाशी झगडून ती इथं आली होती, स्वतःच्या हातानं स्वतःचं सुख मोडायला, आणि हा बाबा नवऱ्या मुलासारखी एकेक खोड काढत होता. "तुम्हाला घ्यायचंच नाहीये का? शामराव बोलतात ते खरं आहे. अहो, मी काय जन्माला पुरणार आहे का तिथं उभी राहायला? गिटार पडली तेव्हा मी नव्हते. मला माहितीय मी नव्हते! रोज तेच डोक्यात येतं माझ्या. परत पडली तर मी तोंड कुठं लपवू?"

तिचा आवाज दुकानाला जरा मोठा झाला. स्टॅनली खाली बघत म्हणाला, "तुमची चूक नव्हती ती. मीच हात जोडले."

"मग का जोडलेत? मी नव्हते ना बाजूला!"

"सवय झाली," तो म्हणाला. "वाटलं, असाल."

हितेंद्रला दोघांत पडणं बरं वाटलं नाही. गिऱ्हाइकाचं भांडण मिटवायचा दुकानदाराकडं एकच उपाय असतो, तो म्हणजे कामाला लागणं. त्यानं गिटारची पिशवी काउंटरवर आडवी घेतली. "आधी लाकूड बघतो, मग ठरवू. पट्टा कुठाय? या कप्प्यात आहे का?"

"त्यात नाही," स्टॅनली घाईनं म्हणाला. "तो कप्पा राहू दे."

पण हितेंद्रचा हात आत गेला होता. जुन्या तारांची वेटोळी निघाली, एक मेणबत्तीचा तुकडा निघाला, आणि त्यामागून एक चपटं पाकीट. पिवळं पडलेलं, वर स्टेपल मारलेली, ती गंजून तांबडी झालेली. हितेंद्रनं ते उजेडात धरलं.

"अरे! हे तर आपल्याच दुकानाचं! हा पप्पांच्या वेळचा शिक्का. फोन नंबर बघा, सात आकडी. आता असं कोणाकडं मिळत नाही मास्टर, जर्मन माल आहे हा." त्यानं पाकीट हलवलं, आत स्टील वाजलं. "लॉकच आहेत. दोन्ही. उघडलंच नाही कधी?"

स्टॅनलीचं मान खाली घालायचं वय राहिलं नव्हतं, पण मान खाली गेली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"राहून गेलं," तो म्हणाला.

राधानं पाकीट हितेंद्रच्या हातातून घेतलं. सात आकडी फोन म्हणजे केव्हाचा, याचा हिशेब तिला करावा लागला नाही. तिच्या चाळीत पहिला फोन आला तो सात आकडीच होता, आणि तेव्हा तिचा मुलगा दुसरीत होता; पुढं थोड्याच वर्षांत सगळे नंबर आठ आकडी झाले. म्हणजे ती पार्टीत आल्यावर पहिल्या काही वर्षांतच ह्या माणसानं दादरला येऊन, पैसे मोजून, जगातलं पक्कं लॉक विकत घेतलं होतं. आणि मग गिटारच्या पिशवीत घालून ठेवून दिलं होतं. दर कार्यक्रमाला ते त्याच्या पाठीवर होतं. दर वंदनेला त्यानं हात जोडले होते, डोळे मिटले होते आणि सैल पट्ट्यावर वडलांची गिटार सोडून दिली होती. वर्षानुवर्षं. ती समजत होती की वाट बघणारी आपण एकटीच.

तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. राग तर इतका आला की विचारू नका. एवढी वर्षं! दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावर, आणि दोघांनी तोंडं शिवून घेतलेली. कुणी शिवली होती? शामरावांच्या शब्दानं? सासूनं? जसिंतानं? छे. दोघांनीच.

"ताई, मग नवीन घ्यायची गरज नाही," हितेंद्र म्हणाला. "हेच बसवतो. मस्त आहे अजून. पाच मिनिटं."

स्टॅनलीजवळ आता काढायला एकही खोट उरली नव्हती. तो नुसता राधाकडं बघत होता, आणि इतक्या वर्षांत त्यानं असं उघड, चारचौघांत, तिच्याकडं कधी पाहिलं नव्हतं. निकाल तिनं द्यायचा होता.

राधानं नखानं स्टेपल उचकटली. पाकिटातून लॉक काढलं. आतलं स्टील लखलखीत होतं, वारा न लागलेलं.

"हे बसवा," ती म्हणाली. "पुढच्या बटणाला."

हितेंद्रनं स्क्रू काढला, नवं बटण कसलं, पट्ट्याच्या पुढच्या टोकाला टोपी बसवली. कट्‌. ओढून दाखवलं. मग गिटार फिरवून मागचं टोक आपल्याकडं घेतलं आणि हात पुढं केला. "दुसरं द्या."

राधानं दुसरं लॉक परत पाकिटात टाकलं, पाकिटाची घडी घातली आणि ते आपल्या पर्समध्ये ठेवून चेन ओढली.

"मागचं राहू द्या," ती म्हणाली. "तिथं मी आहे."

हितेंद्र पेचकस हातात धरून तसाच राहिला. "पण ताई, एकच बाजू... पुढून पक्कं झालं, मागून सुटलं तर गिटार खालीच. पण तुम्ही नसलात तर?"

"नसले तर बसून वाजवतील," राधा म्हणाली. "चर्चमध्ये वाजवतात की." आणि मग स्टॅनलीकडं वळून, "काय मास्टर? चालेल ना?"

स्टॅनलीनं पट्टा गळ्यात घातला. उगाचच, दुकानात, वाजवायचं काही नव्हतं. गिटार कमरेला लागली. त्यानं दोन्ही हात तारांवरून काढले आणि छातीशी जोडले. पट्टा मागच्या बटणावरून सरकायला लागला तोवर राधाचा अंगठा तिथं पोचला होता. या वेळी वंदना नव्हती, समोर लोक होते ते फक्त हितेंद्र आणि रस्त्यावरून जाणारे. हात काढून घ्यायची वेळ ठरलेली नव्हती, म्हणून तिनं तो काढला नाही.

"चालेल, राधा," तो म्हणाला.